रोटरी जुळवायची ती टेबलाला नाही, मशीनच्या चालीला

तुम्ही विचारलंय ते आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझ्या समजण्यात चूक असेल तर कळेल. सिन्नरला तुमचं छोटं सीएनसी मिलिंग मशीन आहे. एक्सची, म्हणजे टेबल डावी-उजवीकडे सरकण्याची चाल ४०० मिमी, टेबलाला १२ मिमीचे तीन टी-स्लॉट (बोल्ट अडकवायच्या टी आकाराच्या खाचा). त्यावर तुम्ही बेल्टवर चालणारी, ६:१ गुणोत्तराची रोटरी, म्हणजे बार ठरलेल्या कोनात फिरवणारं साधन, बसवलीत. तिच्या फिरण्याच्या अक्षाची उंची ६५ मिमी, पुढे बार पकडायला ८० मिमीचं तीन जॉचं चक, समोर बारचं दुसरं टोक टोकदार सेंटरनं टेकवणारा टेलस्टॉक. द्राक्षबागेच्या फवारणी ब्लोअरसाठी २५ मिमीच्या, आतून बोअर असलेल्या पितळी बारमध्ये चार बाजूंनी ३ मिमी भोकांच्या ओळी मारायच्या आहेत. चकाजवळची भोकं बरोबर समोरासमोर येतात. तिथून ११० मिमी पुढे, टेलस्टॉककडच्या टोकाला, समोरासमोरच्या दोन भोकांतून पिन आरपार जात नाही. मोजलं तर ०.२४ मिमीचा फरक. रोटरीखाली टी-स्लॉटच्या दोन की (स्लॉटमध्ये बसणारे ठोकळे) आहेत, बोल्ट घट्ट आहेत, मग ती वाकडी कशी, असा तुमचा प्रश्न.

ती बहुधा वाकडीच आहे, आणि तुम्ही ज्या कींवर भरवसा ठेवलात त्यांच्यातच कारण आहे. तुम्ही दिलेल्या मापांप्रमाणे की ११.९ मिमी रुंद, स्लॉट १२ चा, आणि दोन कींमधलं अंतर ९० मिमी. म्हणजे कीला स्लॉटमध्ये ०.१ मिमी मोकळीक आहे. बोल्ट आवळताना एक की स्लॉटच्या पुढच्या कडेला टेकली आणि दुसरी मागच्या, तर ९० मिमीत ०.१ चा तिरकेपणा येतो. तोच ११० मिमीवर ०.१२ होतो. वायचा, म्हणजे पुढे-मागे चालीचा शून्य तुम्ही चकाजवळ घेतला, म्हणून तिथे सगळं बरोबर. टोकाला मात्र भोक अक्षापासून ०.१२ बाजूला पडतं. बार १८० अंश फिरवून समोरचं भोक मारता तेव्हा ड्रिल मशीनच्या त्याच वाय जागी उतरतं, पण जॉबच्या (कापायच्या बारच्या) हिशेबानं ते उलट्या बाजूला पडतं. ०.१२ आणि ०.१२ मिळून तुमचे ०.२४.

की रोटरीला सरळ करत नाही, ती फक्त जवळपास आणून ठेवते. आणि समजा, तुम्ही घट्ट बसणाऱ्या नवीन की करून घेतल्यात, तरी रोटरी फार तर टी-स्लॉटला समांतर होईल. ड्रिलला टी-स्लॉट माहीत नसतो, टेबलाची कडही माहीत नसते. त्याला माहीत असते फक्त एक्सची चाल. छोट्या मशीनचे स्लॉट अनेकदा गाइडवेपेक्षा (टेबल ज्यावर सरकतं त्या पट्ट्यांपेक्षा) वेगळ्या सेटिंगमध्ये कापलेले असतात, आणि चालीशी ते थोडे तिरके निघतात. तुमच्या मशीनचे किती तिरके आहेत हे पाच मिनिटांत कळेल. स्पिंडलला (टूल फिरवणाऱ्या दांड्याला) लिव्हर डायल लावा, बारीक फरक काट्यानं दाखवणारं मापाचं साधन, ज्याला आपल्याकडे शॉपमध्ये पपी डायल म्हणतात. टोक मधल्या स्लॉटच्या कडेला टेकवा आणि एक्स पूर्ण चालवा. काटा काय करतो ते बघितलंत की कीवरचा विश्वास आपोआप योग्य जागी येईल.

हे मला कोणी न सांगता कळलेलं नाही. नाशिकजवळ ओझरला १९६४ साली मिग विमानांसाठी एचएएलचा कारखाना आला, पुढे सातपूर-अंबडला मोठे कारखाने उभे राहिले, आणि त्यांच्या कामावर इथल्या छोट्या टूलरूम वाढल्या. तशाच एका टूलरूममध्ये मी डिव्हायडिंग हेडवर, म्हणजे जॉब हातानं समान भागांत फिरवायच्या साधनावर, काम शिकलो. हँडलच्या ४० फेऱ्यांना जॉबची एक फेरी. सात भाग करायचे तर २१ भोकांच्या वर्तुळावर पाच पूर्ण फेऱ्या आणि वर १५ भोकं, हे पाठ असायचं. आमचे फोरमन डिव्हायडिंग हेड बसवल्यावर डायल लावल्याशिवाय पहिला कट मारू देत नसत. पुढे दुसऱ्या एका शॉपमध्ये पहिली सीएनसी रोटरी माझ्या हाताखाली आली तेव्हा मात्र मी ते सोडलं. की ग्राइंड केलेल्या होत्या, हातानं सफाईदार बसत होत्या. मी बोल्ट आवळले आणि काम सुरू केलं. लांब शाफ्टवरचे कीवे (कीसाठीच्या खाचा) होते, साठ नग रिजेक्ट झाले, सगळ्यांत एका टोकाला सारखाच तिरकेपणा. तो माल भंगारात गेला तो दिवस मी विसरलेलो नाही. त्यानंतर डायल न लावता मी रोटरीवर काम केलेलं नाही.

आता बसवण्याकडे येतो. रोटरी टेबलावर ठेवण्याआधी मशीनचं हेड, म्हणजे स्पिंडल धरणारा भाग, सरळ आहे का ते बघा. व्हाइसमध्ये काम करताना हेडचा थोडा कल खपून जातो. रोटरीवर जॉब टेबलापासून ६५ मिमी वर जातो, आणि Z वर-खाली झाला की तो कल वायमध्ये सरकणं म्हणून दिसतो. स्पिंडलला डायल लावून टेबलावर १५० मिमी व्यासाचं वर्तुळ फिरवा. पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे ०.०२ च्या आत असेल तर पुढे जा. नसेल तर आधी हेड दुरुस्त करा, कारण नंतर दोन चुका एकमेकींत मिसळतात आणि कोणती कुणाची ते सुटत नाही.

टेबल आणि रोटरीचा तळ दोन्ही पुसून, त्यावर ऑइल स्टोन हलक्या हातानं फिरवा. बर (धातूचा बारीक उंचवटा) डोळ्यांना दिसत नाही, पण दगडाला लागतो. तळाला निळा रंग लावून रोटरी टेबलावर किंचित घासून बघा. निळा चारही कोपऱ्यांवर उमटायला हवा. एकच कोपरा उमटत नसेल तर बोल्ट आवळल्यावर रोटरीची बॉडी तिकडे वाकणार, आणि मोकळी असताना घेतलेलं कोणतंही माप मग लागू राहणार नाही. रोटरी उचलून ठेवताना टेबलावर लाकडी फळी आडवी टाका. वजन हातातून निसटलं तर टेबलाची खाच आयुष्यभर राहते.

टी-बोल्टबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण छोट्या मशीनचं खरं नुकसान इथे होतं. टी-नटमध्ये स्टड लावता तेव्हा तो नटच्या खालून बाहेर येता कामा नये. आला तर तो स्लॉटच्या तळाला टेकतो, आणि तुम्ही वर आवळत जाता तसा नट स्लॉटच्या ओठांना खालून उचलतो. टेबल ओतीव लोखंडाचं असतं. ते वाकत नाही, तुकडा पडतो. तुटलेला ओठ परत जोडता येत नाही. म्हणून स्टडची लांबी आधी मोजा. आवळताना साधा पाना आणि हाताचा जोर पुरतो, पान्याला पाइप लावू नका. रोटरीचे पाय लहान असतील तर क्लॅम्पचा बोल्ट पायाच्या अगदी जवळ ठेवा आणि क्लॅम्पची मागची बाजू किंचित उंच ठेवा, म्हणजे सगळा दाब पायावर पडतो.

मुख्य काम टेस्ट बारचं. २५ मिमी व्यासाचा, २०० मिमी लांब, सिलिंड्रिकल ग्राइंडिंग केलेला बार अंबडला कोणत्याही ग्राइंडिंगवाल्याकडून करून घ्या. दोन्ही टोकांना सेंटर ठेवायला सांगा, ते टेलस्टॉकसाठी लागतील. बार चकात धरा, टेलस्टॉक बाजूला काढून ठेवा. डायलचं टोक बारच्या पुढच्या बाजूला, बारच्या मध्यउंचीवर टेकवा. चकाजवळ काटा शून्य करा आणि एक्स १५० मिमी चालवा. समजा काट्यानं +०.०९ दाखवलं. इथे बहुतेक जण थांबतात आणि रोटरीला ०.०९ नं ठोकून सरळ करतात. ते चुकीचं आहे, कारण तीन जॉचं चक बार कधीच अगदी सरळ धरत नाही. त्या ०.०९ मध्ये रोटरीचा तिरकेपणा किती आणि चकातल्या बारचा किती, हे अजून तुम्हाला माहीत नाही.

म्हणून रोटरी १८० अंश फिरवा आणि तेच पुन्हा करा. चकाजवळ शून्य, १५० मिमी पुढे. समजा आता काटा -०.०३ दाखवतो. दोन्हींची सरासरी +०.०३, तो रोटरीच्या अक्षाचा तिरकेपणा. राहिलेला ०.०६ हा बारचा, चकातला. तो बार फिरला की बाजू बदलतो, म्हणून सरासरीत निघून जातो. दुरुस्त करायचाय तो फक्त ०.०३. मागचा बोल्ट हलका घट्ट, पुढचा सैल, म्हणजे रोटरी मागच्या बोल्टभोवती फिरते. नायलॉनच्या हातोडीनं हलकं ठोका, पुन्हा दोन्ही बाजूंनी बघा. बोल्ट पूर्ण आवळल्यावर शेवटचं माप परत घ्या. आवळताना रोटरी दोन-तीन मायक्रॉन तरी सरकतेच, कधी जास्तही.

मग हेच बारच्या वरच्या बाजूला. डायल वर टेकवून वाय थोडा पुढे-मागे करा, काटा जिथे सर्वांत वर जातो तिथे बारचा माथा आहे. शून्य अंशाला एकदा, १८० ला एकदा, आणि सरासरी. टेलस्टॉककडे अक्ष वर जात असेल तर रोटरीच्या मागच्या पायाखाली शिम (पातळ पत्रा) लागेल. हिशेब सरळ आहे. १५० मिमीत ०.०५ चढ असेल आणि रोटरीच्या पुढच्या-मागच्या पायांत १२० मिमी अंतर असेल, तर शिम ०.०५ गुणिले १२० भागिले १५०, म्हणजे ०.०४ मिमी. शिम पोलादी पत्र्याचीच वापरा, किंवा फिलर गेजचं पान कापा. कागद कूलंटमध्ये भिजतो, फुगतो, दबतो, आणि आठवड्याभरात माप बदलतं. १५० मिमीत बाजूला ०.०१ आणि वर ०.०१५ च्या आत आलं की तुमच्या कामाला ते पुरेसं आहे. त्याहून पुढे झटण्यात वेळ घालवू नका.

हे सगळं दर वेळी करायचं तर तासभर जातो, आणि तुमच्यासारख्या शॉपमध्ये रोटरी पुन्हा पुन्हा चढते-उतरते. ऑक्टोबर छाटणीच्या आधी निफाड-दिंडोरीकडून ऑर्डर येते तेव्हा रोटरी, बाकीचे महिने व्हाइस. त्यामुळे माझा खरा सल्ला हा आहे की रोटरी थेट टेबलावर बसवूच नका. मध्ये एक प्लेट घाला.

एमएसची (माइल्ड स्टीलची) २० ते २५ मिमी जाड प्लेट घ्या. गॅसनं कापलेली असेल तर आधी नॉर्मलाइज करून (तापवून हवेत थंड करून) घ्या, नाहीतर कातल्यावर ती वाकते. ॲल्युमिनियम हलकं असतं खरं, पण लोखंडाच्या दुप्पट प्रसरण पावतं आणि पुन्हा पुन्हा चढउतारात त्याच्या कडा खाचतात. खालची बाजू ग्राइंड करून घ्या. प्लेट टेबलावर बांधा, आणि आता वरची बाजू तुमच्याच मशीनवर फेस कटरनं पातळ कट घेऊन मारा. ही वरची बाजू आता तुमच्या मशीनच्या एक्स-वाय चालीला समांतर आहे, टेबल कसंही असो. मग एंडमिलनं प्लेटच्या मागच्या बाजूला, फक्त एक्स चालवून, ५ मिमी खोल एक पायरी कापा. ती पायरी म्हणजे तुमच्या मशीनच्या एक्सची चाल, लोखंडात कोरून ठेवलेली.

रोटरीच्या बॉडीची एक ग्राइंड केलेली कड त्या पायरीला टेकवून बसवा. मग टेस्ट बारनं वर सांगितल्याप्रमाणे तपासा. रोटरीच्या बॉडीची कड तिच्या अक्षाला समांतर नसेल तर तो फरक आता दिसेल. तो असेल तर पायरीचा नाद सोडून बारनं सरळ करा. शेवटी बोल्ट आवळून, रोटरीचा पाय आणि प्लेट यांतून दोन ८ मिमीच्या डोवेल पिनची (जागा पक्की करणाऱ्या पिनची) भोकं एकत्र ड्रिल आणि रीमर करा. दोन्ही पिन शक्य तितक्या लांब, तिरप्या कोपऱ्यांत. त्यानंतर रोटरी प्लेटवर कायमची त्याच जागी येते. टेबलावर प्लेट चढवताना फक्त पायरीला डायल लावून एक्स चालवायचा आणि प्लेट सरळ करायची. दोन बोल्ट, पाच मिनिटं. तुमची पायरी १८० मिमी लांब असेल आणि तिथे काटा ०.०१ मध्ये राहिला तर ११० मिमीवर तुमची चूक ०.००६ च्या आसपास. आज ती ०.१२ आहे.

ही प्लेट उंची खाते, ते लक्षात ठेवा. रोटरी ६५, प्लेट २०, वर बारची त्रिज्या १२.५, म्हणजे जॉबचा माथा टेबलापासून साधारण ९८ वर. तुमच्या स्पिंडलच्या नाकापासून टेबलापर्यंतचं जास्तीत जास्त अंतर मोजा, त्यातून ९८ वजा करा, आणि उरलेल्या जागेत टूल होल्डर, ड्रिल आणि वर उचलायची जागा बसते का बघा. ड्रिल चक खूप लांब असतं, त्याऐवजी ईआर कोलेट (ड्रिल पकडणारी आखूड बाही) वापरा. एक्समध्येही तेच. रोटरी, चक आणि टेलस्टॉक मिळून टेबलाचा निम्मा भाग अडवतात. मोटार मागे कॉलमकडे बाहेर आलेली असेल तर वाय पूर्ण मागे नेऊन ती कशाला धडकत नाही ना, हे मशीन हातानं चालवून बघा, प्रोग्रामनं नाही. वजन टेबलाच्या एका टोकाला असतं, म्हणून टेबल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे नेऊन डायलनं टेबल झुकतं का तेही बघा. झुकत असेल तर गिब (सरकत्या भागाची मोकळीक जुळवणारी पट्टी) सैल आहे, ती आधी जुळवा.

टेलस्टॉक सगळ्यात शेवटी. लोक उलट करतात. आधी रोटरी आणि टेलस्टॉक दोन्ही बसवून बार मध्ये अडकवतात, आणि बार सरळ दिसला की समाधान. पण टेलस्टॉकचं सेंटर रोटरीच्या अक्षावर नसेल तर बारचं एक टोक जबरदस्तीनं तिकडे ओढलं जातं, जॉ दर फेरीला थोडे उघडझाप करतात, आणि टोकाचा भाग रोटरीच्या अक्षाभोवती नव्हे तर टेलस्टॉकच्या सेंटरभोवती फिरतो. तुमच्या ०.२४ मध्ये याचाही वाटा असू शकतो, आणि तो वेगळा काढायचा सोपा उपाय म्हणजे टेलस्टॉक काढून एका आखूड बारमध्ये भोकं मारून बघणं. रोटरी सरळ झाल्यावर टेस्ट बार चक आणि सेंटर यांमध्ये धरा, आणि टेलस्टॉककडच्या टोकाला बाजूनं आणि वरून मापं घ्या, दोन्ही वेळा शून्य आणि १८० ला. सरासरी चकाजवळच्या मापाशी जुळेपर्यंत टेलस्टॉक सरकवा, गरज पडली तर शिम घाला. त्यालाही प्लेटवर डोवेल करू शकता, पण त्याची जागा जॉबच्या लांबीनुसार बदलते, म्हणून त्याच्यासाठी पायरीची कडच जास्त उपयोगी.

सेंटर जोरानं दाबू नका. पितळ तापलं की लांबतं. १५० मिमीचा बार कापताना २० अंशांनी तापला तर ०.०५७ मिमी वाढतो. घट्ट सेंटरला ही वाढ सामावायला जागा नसते, मग ती रोटरीच्या बेअरिंगवर दाब म्हणून जाते. फिरतं, स्प्रिंगवरचं सेंटर मिळालं तर उत्तम. नाहीतर बोटानं सेंटर फिरवताना किंचित अडखळण्याइतकाच दाब ठेवा, आणि दहा-बारा नगांनी पुन्हा बघा.

आता केंद्र शोधणं. जॉबच्या बाहेरच्या बाजूंना एज फाइंडर (कड शोधायचं साधन) लावून मध्य काढू नका. तीन जॉच्या चकात बार ०.०५ नं सहज बाजूला असतो. तुम्ही तो बाजूला असलेला मध्य वाय शून्य धरलात तर रोटरी सरळ असूनही समोरासमोरची भोकं चुकतील. टेस्ट बारवर शून्य अंशाला दोन्ही बाजूंचा मध्य काढा, मग १८० ला पुन्हा काढा, आणि त्या दोघांची सरासरी वाय शून्य. ती रोटरीच्या अक्षाची जागा आहे. बार कसाही धरलेला असो, ती बदलत नाही.

Z साठी मी मापावर विश्वास ठेवत नाही, कापून बघतो. टाकाऊ पितळी बार धरा. अक्ष Z शून्यावर आहे असं मानून एंडमिलनं Z +१० वर एक सपाट बाजू मारा. १८० अंश फिरवून त्याच Z ला दुसरी. मायक्रोमीटरनं जाडी मोजा. २०.०० यायला हवी. २०.०६ आली तर अक्ष तुम्ही मानलेल्या जागेपेक्षा ०.०३ खाली आहे. Z शून्य तेवढा खाली घ्या आणि पुन्हा मारा. वायचंही असंच तपासता येतं. एक बारीक खाच शून्याला, दुसरी १८० ला मारा. दोन्ही खाचा आरपार बघताना सरळ रेषेत आल्या तर वाय बरोबर, पायरी दिसली तर पायरीच्या निम्मी चूक. या कापून बघण्यात मशीन, हेड, रोटरी आणि टूल सगळ्यांचा एकत्र हिशेब येतो, जो डायलनं कधीच पूर्ण येत नाही.

पल्सचं, म्हणजे कंट्रोल मोटारला पाठवतो त्या विजेच्या ठोक्यांचं गणितही तपासा. तुमची मोटार २०० स्टेपची, ड्रायव्हर फेरीला २००० पल्सवर, आणि ६:१. म्हणजे रोटरीच्या एका फेरीला १२००० पल्स, अंशाला ३३.३३३३३३. कंट्रोलमध्ये तुम्ही ३३.३३ टाकलं असेल तर एका फेरीत ०.०३६ अंश कमी फिरतं. चार बाजूंसाठी ते जाणवत नाही, पण रोटरी एकाच दिशेनं पुढे पुढे फिरत राहिली तर दहा फेऱ्यांत ०.३६ अंश, म्हणजे १२.५ मिमी त्रिज्येवर ०.०८ मिमी. जितके दशांश कंट्रोल घेतं तितके सगळे भरा. मग चकात एक चौकोनी ग्राइंड केलेला तुकडा धरून डायलनं सपाट करा, रोटरीला ३६०० अंश फिरवा, आणि काटा तिथेच येतो का बघा. दिशा तपासायला बारवर एखादं अक्षर कोरून बघा. ते आरशासारखं उलटं आलं तर ए अक्षाची (रोटरीच्या फिरण्याची) दिशा उलटी आहे. चार भोकांच्या कामात हे लक्षात येत नाही, पण तांबट गल्लीतल्या एखाद्यानं तांब्याच्या तांब्यावर नाव कोरायला दिलं की कळतं.

तुमच्या रोटरीला ब्रेक नाही, बेल्ट आहे, आणि बेल्ट जोरानं थोडा ताणला जातो. भोक अक्षाच्या बरोबर वर मारताना रोटरीवर जवळजवळ काहीच फिरवणारं बल येत नाही, म्हणून तुमच्या कामाला ती चालेल. बाजूनं खाच मारायची वेळ आली तर विचार करा. १०० न्यूटन कापण्याचं बल १२.५ मिमी त्रिज्येवर १.२५ न्यूटन-मीटर होतं, ६० मिमीवर ६ न्यूटन-मीटर. तिथे बेल्टऐवजी वर्म गिअरची किंवा हार्मोनिक ड्राइव्हची (दातेरी चाकांची) रोटरी लागते. वर्ममध्ये थोडा प्ले (मोकळीक) असतो, म्हणून प्रत्येक कोनावर नेहमी एकाच दिशेनं पोचायचं.

पितळावर ड्रिल घसरतं, विशेषतः गोल पृष्ठभागावर. आधी ९० अंशांच्या स्पॉट ड्रिलनं खूण करा, मग ३ मिमी. आणि ड्रिलची कापणारी धार बारीक दगडानं किंचित सपाट करा. नवं धारदार ड्रिल पितळाला पकडून आत ओढतं, बारमधल्या बोअरमध्ये उतरताना तर हमखास. तुमच्या काही भोकांच्या कडा फाटल्या आहेत असं तुम्ही लिहिलंय, त्याचं कारण बहुधा हेच.

वायरिंगबद्दल एकच, पण ते काटेकोरपणे पाळा. रोटरीची वायर प्लगनं जोडता-काढता तेव्हा ड्रायव्हरची वीज बंदच हवी. चालू ड्रायव्हरवरून स्टेपर मोटार काढली की ड्रायव्हर जाऊ शकतो, आणि तो जातो तेव्हा आधी काही इशारा मिळत नाही. वायरला टेबलाच्या पूर्ण चालीला पुरेल एवढा सैल वळसा ठेवा आणि तो चिप्सपासून दूर बांधा.

फीडचं, म्हणजे कापताना सरकण्याच्या वेगाचं एक राहिलं. फक्त ए फिरतो तेव्हा बहुतेक कंट्रोल एफ हा आकडा अंश प्रति मिनिट धरतात. २५ मिमी त्रिज्येवर मिनिटाला ३०० मिमी हवे असतील तर साधारण ६८८ अंश प्रति मिनिट द्यावे लागतात. एक्स आणि ए एकत्र चालणाऱ्या कामाला जी-९३ (वेगाऐवजी हालचालीच्या वेळेवरून फीड देणारा कोड) वापरा. तुमच्या भोकांच्या कामात त्याची गरज नाही.

आता पुढच्या सुट्टीच्या दिवशी एवढं करा. सकाळी शेड थंड असते, म्हणून स्पिंडल वीस मिनिटं रिकामं फिरवून मशीन कोमट होऊ द्या. हेड तपासा, टी-स्लॉटला डायल लावून तो किती तिरका आहे ते वहीत लिहा. टेलस्टॉकशिवाय टेस्ट बारनं रोटरीचा तिरकेपणा शून्य आणि १८० ला मोजा. तो माझ्या हिशेबाप्रमाणे ११० मिमीत ०.१२ च्या आसपास निघाला, तर उपाय वर आहेच. खूपच कमी निघाला, तर चूक टेलस्टॉकमध्ये आहे आणि तिथून सुरुवात करा. सरळ झाल्यावर एका टाकाऊ बारमध्ये दोन्ही टोकांना आणि मध्यभागी चार बाजूंनी ३ मिमी भोकं मारा. ड्रिल भोक किंचित मोठंच मारतं, म्हणून २.९५ मिमीची ग्राइंड केलेली पिन घ्या. तिन्ही जागी ती समोरासमोरच्या भोकांतून हातानं गेली, की प्लेटला डोवेल मारायला हरकत नाही.